पासपोर्ट आधी, मेडिकल शेवटी: स्पाउस व्हिसाचा माझा अनुभव

अमेरिकेच्या स्पाउस व्हिसाबद्दल कोणी मैत्रीण फोन करते तेव्हा मी तिला सगळ्यात आधी विचारते, "तुझा पासपोर्ट कधी संपतोय?" लग्नाचे फोटो, नवऱ्याच्या टॅक्सचे कागद, मुलाखतीत काय विचारतात, हे सगळं नंतर बोलू. कारण माझी खरी परीक्षा मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत झालीच नाही. ती झाली आमच्या गावाकडे, पोलिसांच्या हद्दीच्या वादात.

आधी वेळेचं गणित सांगते, म्हणजे मी एवढी का चिडले होते ते कळेल. मुलाखतीच्या आधी मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, लागते. ती वकिलातीने नेमलेल्या पॅनेल फिजिशियनकडेच करावी लागते, आपल्या फॅमिली डॉक्टरांचा रिपोर्ट चालत नाही. मेडिकलला मूळ आणि चालू पासपोर्ट दाखवावा लागतो आणि रिपोर्टवर त्याचाच नंबर जातो. या मेडिकलचा रिपोर्ट साधारण सहा महिने ग्राह्य असतो, आणि व्हिसा मिळाला की त्याची शेवटची तारीखही सहसा मेडिकलच्या तारखेवरूनच ठरते. शिवाय अमेरिकेत उतरण्याच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने पासपोर्ट शिल्लक हवा. म्हणजे जुन्या पासपोर्टवर मेडिकल करून मग नवा काढला तर नंबर जुळत नाहीत. आणि मेडिकल खूप आधी करून ठेवली तर व्हिसा हातात येईपर्यंत त्याचे महिने संपत आलेले असतात.

माझा नवरा अमेरिकन नागरिक. त्याने माझ्यासाठी भरलेला आय-१३० हा अर्ज मंजूर झाला, केस कागद गोळा करणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेली, ३२५ आणि १२० डॉलर अशा दोन फिया भरल्या, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरला, त्याचा आय-८६४ (आर्थिक हमीपत्र) आणि माझे कागद अपलोड केले. या टप्प्यांवर लिहिण्यासारखं काही घडलं नाही. वाट पाहिली आणि झालं. कागद पूर्ण असल्याचा संदेश आला तेव्हा माझ्या पासपोर्टचं वर्षसुद्धा उरलं नव्हतं. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवा पासपोर्ट काढता येतो, म्हणून लगेच अर्ज केला. नाव माहेरचंच ठेवलं, कारण डिग्री, पॅन, बँक सगळं त्याच नावावर आहे. फक्त नवऱ्याचं नाव घातलं आणि पत्ता सासरचा केला, कारण मी राहतच तिथे होते आणि आधारवरही तोच पत्ता होता. ३६ पानी पासपोर्टचे १५०० रुपये भरले. सेवा केंद्रात ए, बी, सी काउंटर भराभर उरकले. शेवटच्या काउंटरवर जुन्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का मारून तो परत दिला.

हा शिक्का लक्षात ठेवा. त्या दिवसापासून नवा पासपोर्ट येईपर्यंत माझ्या हातात चालू पासपोर्ट नव्हता.

मग सुरू झाली पोलीस तपासणी.

वेबसाइटवर फाईल पोलिसांकडे गेल्याचं दिसत होतं. मी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, फोटो, शेजारच्या दोन साक्षीदारांचे आधार असा संच करून ठेवला. कोणी आलं नाही, कोणाचा फोन नाही. शेवटी सासऱ्यांना घेऊन मीच पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "ताई, हा पत्ता आता आमच्या हद्दीत येत नाही. नवीन ठाणं झालंय ना, तिकडे जा." खरंच होतं. आमच्या भागासाठी वेगळं ठाणं झालं होतं. आम्ही तसेच नव्या ठाण्यात गेलो. तिथले म्हणाले, "आमच्याकडे कागद आलेलाच नाही, मग तपास कशाचा करू?" परत जुन्या ठाण्यात. तिथे उत्तर, "आम्ही पाठवला." कुठे पाठवला? "वर." वर म्हणजे कोणाकडे, ते कोणी सांगेना.

याच दरम्यान मुंबईच्या मुलाखतीचं पत्र आलं. ज्या पत्राची एवढी वाट पाहिली ते आलं, आणि आनंद करायच्या ऐवजी मला घाम फुटला. मेडिकलच्या ठिकाणी फोन केला. त्यांचं उत्तर सरळ होतं: रद्द झालेला पासपोर्ट चालणार नाही, नवा आला की या. वेबसाइट उघडली की तीच ओळ. मी सकाळी उठल्यावर पाहायची, जेवताना पाहायची, झोपण्याआधी पाहायची.

नवरा रोज रात्री म्हणायचा, तारीख पुढे घेऊ. मला ते मान्य नव्हतं. तारीख बदलता येते, पण पुढची कधी मिळेल हे आपल्या हातात नसतं. अख्ख्या भारतातल्या कुटुंबांच्या इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईला होतात. पंजाबातले, गुजरातेतले, हैदराबादचे सगळे त्याच रांगेत. एकदा सोडलेली जागा कधी परत मिळेल, कोण सांगणार? काही जणांनी सुचवलं की मेडिकलशिवाय मुलाखतीला जा, रिपोर्ट नंतर दे. तसं केलं तर केस २२१(जी) या कलमाखाली अडून राहते आणि रिपोर्ट पोचेपर्यंत व्हिसा निघत नाही. आणि चालू पासपोर्टच नसेल तर मुलाखतीला जाऊन करायचं काय? मी घरात जाहीर केलं की अमुक शुक्रवारपर्यंत पासपोर्ट आला नाही तर तारीख बदलण्याचा अर्ज करायचा, तोवर कोणी हा विषय काढायचा नाही. हे ठरल्यावर मला निदान झोप लागायला लागली.

फाईल हलली ती एका प्रश्नामुळे. सासरे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, कागद कसा चालतो हे त्यांच्या अंगात मुरलेलं. पुढच्या वेळी ते हवालदारांना शांतपणे म्हणाले, "साहेब, वर पाठवला असेल तर जावक क्रमांक द्या." जावक रजिस्टर निघालं. शोधाशोध झाली. माझ्या फाईलची नोंदच नव्हती. म्हणजे कागद त्याच ठाण्यात होता, हद्दीबाहेरचा म्हणून बाजूला पडलेला. इतके दिवस मी ज्या टेबलासमोर उभी राहत होते, त्याच टेबलाच्या मागे कुठेतरी. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण "आमच्याकडे नाही" हे सांगण्याआधी एकदा रजिस्टर उघडायला किती वेळ लागतो? समोरच्या बाईचा संसार त्या कागदावर थांबलाय हे माहीत नसेल, तरी तिचा कागद कुठे आहे हे तिला कळायलाच हवं.

त्यानंतर आम्ही तोंडी बोलणं बंद केलं. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला: पासपोर्टचा फाईल नंबर, अर्जाची तारीख, जुनं ठाणं, नवं ठाणं, मुलाखतीची तारीख, आणि सोबत मुलाखतीच्या पत्राची प्रत. तो घेऊन पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या पासपोर्ट शाखेत गेलो आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घेतली. तिथल्या महिला पोलीस कर्मचाऱ्यांनी अर्ज वाचला, कॉम्प्युटरवर फाईल नंबर टाकला, जुन्या ठाण्याला फोन लावला आणि आमच्यासमोर प्रकरण नव्या ठाण्याकडे वळवलं. मला म्हणाल्या, "उद्या घरी थांबा, बाहेर जाऊ नका." दुसऱ्या दिवशी नव्या ठाण्यातले कर्मचारी खरोखर आले, शेजारच्या काकूंना दोन प्रश्न विचारले, माझ्या सह्या घेतल्या, फोटो काढला. चहा घ्यायलाही थांबले नाहीत. तपास एवढाच होता.

मी ठरवलेल्या शुक्रवारच्या आधी स्पीड पोस्टने पासपोर्ट आला. पोस्टमन काकांनी ओळखपत्र पाहून माझ्याच हातात दिला. सासूबाईंनी तो देवापुढे ठेवला आणि मी लगेच उचलला, कारण मेडिकलच्या अपॉइंटमेंटसाठी नंबर हवा होता!

तत्काळ का नाही केलं, असं मला बऱ्याच जणींनी विचारलंय. अर्ज केला तेव्हा मुलाखतीचं पत्रच आलं नव्हतं, घाई दिसत नव्हती. तुमचं पत्र आलेलं असेल आणि पासपोर्ट संपत आला असेल तर तत्काळचे जादाचे २००० रुपये भरा. तत्काळमध्ये पोलीस तपासणी बहुतेक वेळा पासपोर्ट हातात आल्यानंतर होते. आणि तुमच्या भागात नवं पोलीस ठाणं झालं असेल तर अर्ज केल्याबरोबर दोन्ही ठाण्यांत चौकशी करा, कोणी येईल म्हणून थांबू नका.

फाईल अडकली होती तेव्हा मी लसींचं काम उरकून घेतलं, आणि ते सगळ्यांनी करावं असं मला वाटतं, कारण त्याला पासपोर्ट लागत नाही. आमच्या लहानपणी सरकारी लसीकरणात गोवराची लस होती, गालगुंड आणि रुबेलाची नव्हती. त्यामुळे जुनं कार्ड जपून ठेवलेलं असलं तरी एमएमआर पूर्ण होत नाही. धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची टीडॅप, कांजिण्यांची, हिपॅटायटिस बी, आणि हंगाम असेल तर फ्लूची लसही बघतात. घरच्या डॉक्टरांकडून घेतलेल्या लसीवर तारीख, सही, शिक्का स्पष्ट हवा. नवीन लग्न झालेल्यांसाठी महत्त्वाचं: एमएमआर आणि कांजिण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यानंतर महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत असं सांगतात. हे डॉक्टरांशी आधीच मोकळेपणाने बोला.

मेडिकल स्वतः अगदी साधी झाली: छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, डोळे, वजन, आजारांची विचारपूस. चष्मा असेल तर न्या. एक्स-रेमध्ये काही शंका आली तर मात्र प्रकरण लांबतं. तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरचा निकाल यायला आठ आठवडेही लागतात. म्हणून पूर्वी कधी टीबी झाला असेल, उपचार पूर्ण झाले असतील, तर जुने एक्स-रे आणि उपचारांचे कागद शोधून सोबत घ्या. मेडिकल अगदी मुलाखतीच्या आदल्या दिवसांवर ढकलू नका. रिपोर्ट वेळेत पोचायला हवा. मुलाखतीचं पत्र आलं की लगेच अपॉइंटमेंट घ्यायची, पत्राच्या आधी नाही.

मुलाखतीबद्दल फार काही नाही. आधी बीकेसीतल्याच केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो दिले, मग वकिलात. मोबाइल आत नेता येत नाही, तो सोबतच्या माणसाकडे द्या. डीएस-२६० वर जुन्या पासपोर्टचा नंबर होता, म्हणून जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट नेले आणि खिडकीवर पहिल्यांदा तेच सांगितलं. त्यांनी नवा नंबर नोंदवून घेतला. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही जुन्या नंबरचं आणि माहेरच्या पत्त्याचं होतं, त्यावर काही आक्षेप आला नाही. कसं भेटलात, ते काय करतात, लग्नाला कोण कोण होतं, एवढं विचारलं आणि व्हिसा मंजूर झाल्याचं सांगितलं. बाहेर येऊन मी सासऱ्यांना पहिला फोन केला, नवऱ्याला दुसरा.

आता एक गोष्ट राहिली, ती फार जणींना माहीत नसते. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर सीआर-१ या प्रकारात दोनच वर्षांचं, अटी असलेलं ग्रीन कार्ड मिळतं आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज भरून अटी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे लग्न खरं आहे हे पुन्हा सिद्ध करा, पुन्हा फी, पुन्हा वाट. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर आयआर-१ म्हणून, बिनअटीचा, प्रवेश मिळतो आणि कार्ड दहा वर्षांचं येतं. आमच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस मुलाखतीनंतर काही आठवड्यांवर होता. मेडिकल शेवटी झाल्यामुळे व्हिसाची मुदत त्या तारखेच्या बरीच पुढे जात होती. घाईने आधीच मेडिकल उरकली असती तर ही सोय राहिली नसती.

मी वाढदिवसानंतरचं तिकीट काढलं, निघण्याआधी २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरली, आणि लग्नाचं सर्टिफिकेट हातातल्या पिशवीत ठेवलं. नेवार्कला उतरल्यावर अधिकाऱ्यांना तारीख दाखवली. त्यांनी ती पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, आणि शिक्क्यात आयआर-१ लिहिलं.