डावा उजेड, उजवा उजेड

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतलं पाणी मायक्रोस्कोपखाली घेतलं की डायटम, म्हणजे एकपेशी सूक्ष्म शैवाल, असतात भरपूर, पण दिसतात अर्धेमुर्धे. कवच सिलिकाचं, म्हणजे काचच, आणि आतली पेशीही आरपार. साध्या उजेडात नजरेत भरतात ते फक्त सोनेरी-तपकिरी ठिपके. रंग घालावा तर जीव मरतो. आरपार वस्तू रंग न घालता दाखवणाऱ्या फेज कॉन्ट्रास्ट पद्धतीवर शास्त्रज्ञ झर्निकेंना १९५३ चं नोबेल मिळालं, पण त्याची खास भिंगं माझ्या मोबाईल-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाला झेपणारी नाहीत.

माझा मायक्रोस्कोप ओपनफ्लेक्शर या खुल्या, घरी बांधता येणाऱ्या आराखड्याचा. भाग ३डी प्रिंटरवर काढलेले, खाली रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा कॅमेरा. नमुना ठेवायच्या स्टेजला बेअरिंग नाही. प्लास्टिकचे पातळ पाय वाकतात आणि नमुना सरकतो, त्यामुळे खारट हवेत गंजायला फारसं काही उरत नाही. मात्र पावसाळ्यात फिलामेंट, म्हणजे प्रिंटरची प्लास्टिकची तार, ओल धरतं आणि नोझलमधून तडतडत येतं. सिलिका जेलच्या डब्यात ठेवल्याशिवाय इकडे प्रिंटिंगच्या वाटेला जाऊ नये.

मूळ दिव्याच्या जागी मी आठ बाय आठ एलईडीचं पॅनल बसवलं, नमुन्यापासून १० सेंमी वर. आधी डावा अर्धा भाग लावून फोटो, मग उजवा. दोन फोटोंची वजाबाकी, भागिले बेरीज. झालं! उजेड कुठून आला त्याप्रमाणे डायटमच्या उतारांवर प्रकाश वाकतो, आणि वजाबाकीत नेमके ते उतार उठून येतात. शालिन मेहता आणि कॉलिन शेपर्ड या संशोधकांनी २००९ मध्ये यामागचं गणित नीट मांडलं.

दोन गोष्टी सांभाळायच्या. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स बंद हवेत, नाहीतर वजाबाकीला अर्थ उरत नाही. आणि दिवे भिंगाच्या मापाचे हवेत: माझं १०एक्सचं (दहापट मोठं दाखवणारं) भिंग ०.२५ एनएचं (एनए म्हणजे भिंग किती तिरपा उजेड घेऊ शकतं त्याचं माप), म्हणून मधल्या साधारण २.६ सेंमी त्रिज्येतलेच दिवे लावायचे.

पहिलं चांगलं चित्र आलं ते प्लुरोसिग्मा नावाच्या डायटमचं. किंचित एस आकाराचं लांबट कवच, मधून जाणारी शीर, जणू पितळेवर ठोकून काढलेलं. खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या आमच्या शेजारच्या मावशी तेव्हा फोन न्यायला आल्या होत्या. स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "अरे, या पाण्यात मी रोज गुडघाभर उभी असते. हे सगळं आमच्या तिसऱ्यांचं खाणं काय?" हो, हेच. ते त्यांना दाखवता आलं याचा आनंद मला त्या चित्राहूनही मोठा वाटतो.

आता फोरियर टायकोग्राफी. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेतून २०१३ मध्ये आलेली ही पद्धत. एकेक एलईडी लावून फोटो घ्यायचे आणि ते गणिताने एकत्र सांधायचे. माझं ४एक्सचं भिंग ०.१ एनएचं, पॅनलच्या कोपऱ्यातला दिवा त्याच मापात ०.३७ च्या कोनावर. सगळं जुळलं तर दोन्हींची बेरीज होऊन बारकावा ०.४७ एनएपर्यंत जातो आणि दृश्य ४एक्सइतकंच रुंद राहतं. पण एवढे फोटो होईपर्यंत जिवंत प्लुरोसिग्मा सरकत निघून जातो, म्हणून ही पद्धत धुऊन वाळवलेल्या कवचांसाठी. जिवंत नमुन्याला मी दोन फोटोंचीच पद्धत वापरणार.

रत्नागिरीच्या आसपास कुणी शाळेसाठी असा मायक्रोस्कोप बांधत असेल तर पॅनलच्या होल्डरची फाइल आणि कोड माझ्याकडून घेऊन जा. सोल्डरिंग मी करून देईन.