शुक्रवारचा वर्ग

चित्रपट रसास्वादाचे तास घेता घेता बारा वर्षं झालेली, त्यामुळे ‘पडद्यावरचा ज्यू’ हा विषय मला हातचा मळ वाटला होता. बिमल रॉय यांचा १९५८ सालचा ‘यहुदी’, त्यानंतर दोन-तीन तुकडे आणि शेवटी चर्चा. ठाण्यातलं कॉलेज, दुपारचे चार. एका विद्यार्थिनीनं विचारलं, “सर, आमच्या शेजारच्या आजींना आणू? त्या बेने इस्रायल आहेत, म्हणजे कोकणातल्या ज्यू.” मी लगेच हो म्हटलं. चर्चेला रंग चढेल, एवढाच हिशेब.

आजी आल्या. सुती नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, हातात भाजीची पिशवी. फळ्यावर लिहिलेला कार्यक्रम त्यांनी चष्मा वर-खाली करून वाचला. “एवढं नाही बघायला व्हायचं हो. दिवस मावळायच्या आत घरी पोचायला हवं. आज शुक्रवार ना.”

डिसेंबर महिना, सहाला अंधार. ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि ज्यू ओळखीवरचा वर्ग मी त्याच संध्याकाळी लावला होता! कुणी काही बोललं नाही, पण माझे कान तापले.

“त्या नट डेव्हिडचं काही असेल तर ते आधी लावा,” त्याच म्हणाल्या.

होतं. शेवटासाठी राखून ठेवलेला ‘बूट पॉलिश’चा (१९५४) तुकडा लावला. पोरांच्या घोळक्यात टक्कल पडलेला जॉन चाचा, मुठीत काय आहे असं विचारणारा. आजी आधी गालातल्या गालात हसल्या, मग मोठ्यानं म्हणाल्या, “हा आमचा चेऊलकर.”

“चौलचा?” मागच्या बाकावरून आवाज आला.

“चौलचाच. डेव्हिड अब्राहम चेऊलकर.”

“म्हणजे मराठी?”

“मग? घरात हिब्रूत भांडतो की काय आम्ही?”

वर्ग खिदळला. मग ‘यहुदी’ लावला. रोमचे खांब, सोहराब मोदींची दाढी, ते खर्जातले संवाद. एझ्रा जवाहिऱ्याच्या मुलाला एक रोमन अधिकारी सिंहापुढे टाकतो आणि त्याच अधिकाऱ्याची मुलगी एझ्राच्या घरी हॅना म्हणून वाढते. राजपुत्र मार्कस तिच्यासाठी ज्यू असल्याचं सोंग घेतो. आजी मन लावून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, “ह्यांच्या घरी कुणी खात-पीत कसं नाही? आमच्याकडे नवस फेडायचा तर मलिदा लागतो. पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं. एलियाहू हनाबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घ्यायचं. माझे आजोबा शनवार तेली, घाण्यावर बसणारे, शनवारी काम बंद. जवाहीर कुठलं बघायला मिळतंय!”

माझी तयारी तिथेच कोसळली. टिपणं बाजूला ठेवून मी फळ्यावर दोन रकाने आखले, भूमिका आणि नट. एझ्रा: सोहराब मोदी, पारशी. हॅना: मीनाकुमारी, जन्मनाव महजबीन. जॉन चाचा: चेऊलकर, ज्यू. ‘ज्यूली’तली (१९७५) ख्रिस्ती आई: नादिरा, म्हणजे फ्लॉरेन्स इझिकिएल, बगदादी ज्यू, म्हणजे मूळ बगदादकडून आलेल्यांपैकी. मुलांनी मग आपणहून मोबाइलवर शोधायला घेतलं. मूकपटांची राणी सुलोचना ही रूबी मायर्स. ‘आलम आरा’ (१९३१) लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर, हेही बेने इस्रायल. एका पोरानं मान वर केली, “सर, ज्यूंचा सिनेमा पारशी करतोय आणि ज्यू दुसऱ्यांचे करतायत.” आणि कथेतली ज्यू मुलगीसुद्धा जन्मानं रोमनच, हे मला तेव्हा नव्यानंच जाणवलं. बारा वर्षं हाच सिनेमा शिकवत होतो मी.

सव्वापाचला आजी उठल्या. दारापर्यंत सोडायला गेलो.

“‘यहुदी’ आला तेव्हा अठराची होते,” पिशवी सावरत त्या म्हणाल्या. “सोहराब मोदी रडला तशी मीही रडले. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, कशाला रडलीस? ते काय आपले आहेत?”

“मग तुम्ही?”

“म्हटलं, नाव तरी आपलंच लावलंय ना.”

रिक्षा वळली. वर्गात परतलो तर पडद्यावर एझ्रा तसाच अडकून पडलेला, तोंड उघडं, हात वर.