तुम्ही विचारलंत म्हणून : जपानी लोक काळ्या फिती लावून जास्त काम करतात का?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. मी जपानी शिकवते आणि चार वर्षं तिकडे राहून आले आहे हे कळलं की प्रश्न येतोच. "जपानमध्ये म्हणे संप करायचा झाला तर कामगार काळी फीत लावतात आणि दुप्पट काम करतात. खरं ना?" या गोष्टीचा एक चुलतभाऊही आहे, बुटांच्या कारखान्याचा. तिथले कामगार संपावर गेले की फक्त डाव्या पायाचे बूट बनवतात म्हणे, आणि मागण्या मान्य झाल्या की उजव्या. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नकोच असतं. "नाहीतर आपल्याकडे बघा" हे वाक्य टाकायला त्याला जागा हवी असते.

मी २००८ ते २०१२ सायतामा प्रांतातल्या आगेओ गावात राहत होते. तोक्योच्या उत्तरेला, ताकासाकी लाइनवर. खाली घरमालक आणि त्यांच्या बायको, वर मी. एकदा चहा घेताना मी त्यांना आपल्याकडची काळ्या फितीची गोष्ट सांगितली. आजोबा इतके हसले की त्यांनी स्वयंपाकघरातून बायकोला हाक मारून बोलावलं आणि मला ती पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाले, "तुम्ही रोज ज्या स्टेशनवरून जाता ना, तिथे काय झालं होतं ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

ते नंतर सांगते. आधी तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. आज जपानमध्ये संप फारसे होत नाहीत हे खरं आहे. अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त चाललेले संप १९७४ साली पाच हजारांवर होते, अलीकडे वर्षाला पन्नासही होत नाहीत. पण याला जपानी स्वभाव म्हणून मोकळं होता येत नाही. एवढे संप करणारे लोक एका पिढीत कुठे गेले, हे सांगावं लागतं. आणि सरकारी नोकरांपुरतं म्हणाल तर मी तारीखच सांगू शकते : ३१ जुलै १९४८.

त्याआधीची अडीच-तीन वर्षं विलक्षण होती. युद्ध हरलेल्या जपानवर अमेरिकन लष्कराचा ताबा होता, आणि युनियन काढा असं सांगणारं तेच लष्कर होतं. लष्करशाहीला आळा घालायला कामगार संघटना हव्यात असा त्यांचा हिशेब. डिसेंबर १९४५ मध्ये कामगार संघटना कायदा झाला. पोलीस, अग्निशमन दल आणि तुरुंगाचे कर्मचारी सोडले तर सरकारी नोकरही त्यात आले. रेल्वे, पोस्ट, शाळा, कचेऱ्या, सगळीकडे युनियन उभ्या राहिल्या. महागाई अशी की पगार हातात पडेपर्यंत त्याची किंमत उतरलेली असायची. १ जानेवारी १९४७ ला पंतप्रधान योशिदा शिगेरु यांनी रेडिओवरच्या भाषणात आंदोलकांना 'फुतेई नो याकारा' म्हटलं. आपल्या भाषेत बेताल, उपद्रवी टोळकं. नव्या वर्षाच्या दिवशी, रेशनच्या रांगेतून घरी आलेल्या माणसाने हे ऐकलं.

एक महिन्याने, १ फेब्रुवारीला, सार्वत्रिक संप ठरला. सुमारे २६ लाख सरकारी कर्मचारी. संयुक्त लढा समितीचा अध्यक्ष होता रेल्वे युनियनचा इइ याशिरो. ३१ जानेवारीला जनरल मॅकआर्थर यांनी संपावर बंदी घातली आणि इइ याशिरोला रेडिओ केंद्रावर नेऊन मायक्रोफोनसमोर बसवलं. संप मागे घेतल्याचं त्यानेच देशाला सांगायचं होतं. तो बोलता बोलता रडला. "एक पाऊल मागे, दोन पावलं पुढे हे शब्द मला आठवताहेत," असं तो म्हणाला. हे ध्वनिमुद्रण मी दरवर्षी वरच्या वर्गाला ऐकवते. विद्यार्थी आधी व्याकरण शोधतात, मग आवाज ऐकतात.

पुढली पावलं मागेच पडली. जुलै १९४८ मध्ये मॅकआर्थर यांनी पंतप्रधान आशिदा हितोशी यांना पत्र पाठवलं आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सरकारने अध्यादेश क्रमांक २०१ काढला. सरकारी नोकरांचा संपाचा हक्क गेला, सामूहिक वाटाघाटीचाही गेला. नव्या राज्यघटनेचं २८वं कलम कामगारांना हे हक्क देतं, आणि ती घटना लागू होऊन पंधरा महिनेही पुरे झाले नव्हते. मॅकआर्थर यांच्याच कार्यालयातल्या कामगार विभागाचा प्रमुख जेम्स किलन याने निषेध म्हणून राजीनामा दिला. ज्यांनी झाड लावलं त्यांनीच कुऱ्हाड घातली, आणि त्यांच्यातल्याच एकाला ते पाहवलं नाही.

पुढे कायदे पक्के झाले. त्यातली एक खोच वकिली डोक्याच्या लोकांना आवडेल. कायद्याने साध्या संपकऱ्याला तुरुंग दाखवला नाही. तुरुंग आहे तो संपाला 'चिथावणाऱ्याला', तीन वर्षांपर्यंत. म्हणजे पुढारी आत, बाकीच्यांच्या नोकरीवर टांगती तलवार. आणि हक्काच्या बदल्यात काय? जिन्जि-इन नावाची एक स्वतंत्र संस्था. ती खासगी नोकरांचे पगार तपासते आणि सरकारी पगार किती वाढावा याची शिफारस करते. १९८२ साली सरकारने पैसे नाहीत म्हणून ती शिफारसच गोठवली. हक्क घेऊन जो मोबदला दिला होता, तोही मग मर्जीवर राहिला.

रेल्वे, टेलिफोन, तंबाखूची मक्तेदारी, पोस्ट यांचं थोडं वेगळं होतं. त्यांच्या कामगारांना वाटाघाट करता यायची, संप मात्र नाही. मग त्यांनी वाटा शोधल्या. सगळ्यांनी एकाच दिवशी रजा टाकायची, ही एक. दुसरी जास्त नामी : 'जुनपो तोसो', शब्दशः कायदा पाळण्याचा लढा. आपल्याकडे 'वर्क टू रूल' म्हणतात तेच. सुरक्षेचा प्रत्येक नियम अक्षरशः पाळायचा, शंका आली की गाडी हळू करायची, थांबवायची. नियम एकही मोडायचा नाही आणि गाड्या तास तास उशिरा धावायच्या. आपल्या गोष्टीतला जपानी कामगार निषेध म्हणून जास्त काम करतो. खरा जपानी कामगार नियमाप्रमाणे काम करायचा, आणि तेवढ्याने देश अडायचा. ज्या वक्तशीरपणाचं आपण कौतुक करतो तो नियमाबाहेरच्या किती धावपळीवर उभा होता, हेही त्यातून उघडं पडलं.

आता आगेओ. १३ मार्च १९७३ ची सकाळ. काही दिवस जुनपो तोसो चालू होता. आजोबा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, तोक्योतल्या उएनोला नोकरी. फलाटावर मुंगी शिरायला जागा नाही, गाडी आली ती आधीच ठासून भरलेली. तीही पुढे हलेना. मग कुठेतरी काच फुटली. लोकांनी स्टेशनमास्तरच्या खोलीची मोडतोड केली. "काच मी नाही फोडली," आजोबा म्हणाले. "पण फोडणाऱ्याला अडवलंही नाही." आजी म्हणाल्या, "कोटाची दोन बटणं तुटली होती. सगळा राग त्या बटणांवरच काढत होते." पुढच्या महिन्यात, २४ एप्रिलला, उएनो, शिंजुकुसकट राजधानीतल्या अनेक स्टेशनांवर हेच झालं. शिस्तप्रिय, सोशिक जपानी प्रवाशांनी.

युनियनवाल्यांनी तेव्हा या आवाजाकडे कान द्यायला हवे होते, असं मला वाटतं. त्यांचा लढा सरकारशी होता, पण फलाटावरच्या माणसाला आपल्या बाजूला घेण्याची तसदी त्यांनी फारशी घेतली नाही. गाड्यांवर पांढऱ्या अक्षरांत घोषणा रंगवल्या म्हणजे त्या वाचून लोक आपले होत नाहीत, खासकरून गाडी उशिरा आली असेल तर.

याच सुमारास न्यायालयानेही पाठ फिरवली. १९६६ साली पोस्टाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संपबंदीचा अर्थ बराच सैल केला होता, १९६९ मध्ये तोक्योच्या शिक्षकांच्या बाबतीतही. २५ एप्रिल १९७३ ला, म्हणजे स्टेशनांवरच्या दंगलीच्या दुसऱ्याच दिवशी, कृषी मंत्रालयाच्या युनियनच्या खटल्यात ते सगळं उलटलं. सरसकट बंदी घटनेला धरूनच आहे, असं पंधरापैकी आठ न्यायाधीश म्हणाले. तारखांचा योगायोग आहे, आणखी काही नाही. पण मला तो विसरता येत नाही.

आणि फितीचं काय? जपानी कामगार छातीला फीत लावायचे खरे. त्याला 'रिबोन तोसो' म्हणतात. दंडावर पट्टा, कपाळाला हाचिमाकी, हेही होतं. आपल्या गोष्टीचं बीज कदाचित तिथे असेल. पण पुढचं ऐका. जून १९६७ मध्ये तोक्योच्या मेगुरो टेलिफोन कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने छातीवर प्लॅस्टिकची पट्टी लावली. व्हिएतनामवरील आक्रमणाला आणि ताचिकावाच्या अमेरिकन तळाच्या विस्ताराला विरोध, असा मजकूर. पट्टी काढ म्हणून सांगितलं, त्याने काढली नाही, शिवाय पत्रकं वाटली. त्याला ताकीद मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७७ मध्ये निकाल लागला : कामाच्या वेळेत सगळं लक्ष कामात हवं, पट्टी लावणं हा त्या कर्तव्याचा भंग. कामात कसूर झाली की नाही हा प्रश्नच नाही. तेव्हा फीत लावून काम करणारा जपानी कामगार दाखवायचाच असेल, तर त्याच्या हातातली ताकीदही दाखवा.

नोव्हेंबर १९७५ मध्ये सरकारी उपक्रमांच्या युनियननी शेवटचा मोठा डाव टाकला. संपाच्या हक्कासाठी संप. २६ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर, आठ दिवस, राष्ट्रीय रेल्वे ठप्प. सगळ्यांना वाटलं तोक्योत भाजी मिळणार नाही. भाजी आली. ट्रकने आली. खासगी रेल्वे चालू होत्या. आजोबा दोन रात्री ऑफिसात टेबलावर झोपले, मग ओळखीच्या कोणाच्या गाडीतून घरी आले आणि त्यांच्या लक्षात आलं की असंही जमतं. हेच सरकारच्याही लक्षात आलं. हक्क मिळाला नाहीच, वर रेल्वे प्रशासनाने युनियनवर २०२ कोटी नाही, २०२ 'ओकु' येनचा दावा लावला. एक ओकु म्हणजे दहा कोटी, म्हणजे २,०२० कोटी येन. या मोजणीत माझे विद्यार्थी दरवर्षी चुकतात.

उरलेली गोष्ट मोडतोडीची आहे. कर्जात बुडालेल्या राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे करून ती खासगी करायचं पंतप्रधान नाकासोने यांनी ठरवलं. १९८६ मध्ये 'मनुष्यबळ सदुपयोग केंद्रं' निघाली. नाव किती गोंडस. तिथे मुख्यतः रेल्वे युनियनचे, म्हणजे कोकुरोचे, लोक पाठवले जायचे. वर्षानुवर्षं इंजिन चालवलेला माणूस गवत उपटायचा, जुन्या रुळाच्या तुकड्यांचे पेपरवेट बनवायचा. सभासदत्व सोडलं तर नव्या कंपनीत जागा मिळेल, हे कोणी लिहून द्यायची गरज नव्हती. अनेकांनी आत्महत्या केल्या. त्या ऑक्टोबरात शुझेन्जी या गरम झऱ्यांच्या गावी कोकुरोचं अधिवेशन झालं. तडजोडीचा प्रस्ताव सभासदांनी फेटाळला आणि संघटना फुटली. काही वर्षांपूर्वी दोन लाखांवर सभासद होते. १ एप्रिल १९८७ ला नव्या कंपन्या सुरू झाल्या तेव्हा पन्नास हजारही उरले नव्हते. कोकुरो मोडली की सोह्यो हा महासंघ मोडेल आणि त्यामागोमाग समाजवादी पक्ष, हा विचार करूनच आपण हे केलं, असं नाकासोने यांनी नंतर स्वतःच सांगितलं. सोह्यो १९८९ मध्ये विसर्जित झाला.

नव्या कंपन्यांनी न घेतलेले १,०४७ रेल्वे कामगार १९९० च्या एप्रिलमध्ये कायमचे कामावरून गेले. बहुतेक हॉक्काइडो आणि क्यूशूचे. त्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या, काहींनी सहकारी गट काढून छोटे उद्योग चालवले. तडजोड झाली २०१० मध्ये. पैसे मिळाले. नोकरी नाही.

ती बातमी आली तेव्हा मी खालीच बसले होते. टीव्हीवर पांढऱ्या केसांचे लोक एकमेकांचे हात धरून उभे होते. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवशी माझ्या गाडीवर यांच्यापैकी कोणी असेल का?"

"हे बहुतेक हॉक्काइडोचे आणि क्यूशूचे आहेत, आजोबा," मी म्हटलं. "ताकासाकी लाइनवर कुठले असणार!"

"हो, ते खरंच," ते म्हणाले, आणि त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.