मंगळावरचे लोक आमच्या गावात उतरले तेव्हा

न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरमध्ये आता इतकी मराठी कुटुंबं राहतात, की सकाळी प्रिन्स्टन जंक्शनच्या फलाटावर न्यूयॉर्कच्या गाडीची वाट बघताना चार शब्द मराठीत कानावर पडतातच. याच गावाचा एक कोपरा म्हणजे ग्रोव्हर्स मिल. तळं, झाडी आणि व्हॅन नेस्ट पार्क नावाची छोटी बाग. बागेत ब्राँझचं स्मारक आहे. त्यावर परग्रहावरचं यान आहे, मायक्रोफोनसमोर उभा असलेला नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आहे आणि रेडिओभोवती जमलेलं एक कुटुंब आहे. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री मंगळावरचे लोक पृथ्वीवर उतरले, ते इथे.

उतरले ते रेडिओवर. सीबीएस या रेडिओवाहिनीवर त्या रात्री ऑर्सन वेल्सच्या मंडळींनी ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या, एच. जी. वेल्स या इंग्लिश लेखकाच्या, मंगळवासीयांच्या हल्ल्यावरच्या कादंबरीचं श्रुतिनाट्य केलं. नाटकाचा पहिला भाग बातम्यांच्या थाटात होता. नृत्यसंगीत चालू आहे, मध्येच ते थांबतं, ग्रोव्हर्स मिलच्या एका शेतात काहीतरी कोसळल्याची बातमी येते, परत संगीत, परत बातमी. संहिता लिहिणाऱ्या हॉवर्ड कॉकने डोळे मिटून न्यू जर्सीच्या नकाशावर पेन्सिल टेकवली आणि आमच्या गावाचा नंबर लागला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी देशभर हाहाकार उडाल्याच्या बातम्या छापल्या. पुढे अभ्यासकांनी तपासलं तेव्हा त्या बऱ्याच फुगवलेल्या निघाल्या. पण काही लोक खरोखर घाबरले होते. रेडिओवरचा आवाज बातमीदाराचा होता, त्यात ‘प्रोफेसर’ बोलत होते, मग खोटं कसं असेल?

घाबरलेली माणसं कोणावर विश्वास ठेवतात, हा प्रश्न ही गोष्ट कळल्यापासून मला सोडत नाही. आणि त्याची सगळ्यात चांगली उत्तरं मला केबलवरच्या जुन्या विज्ञानपटांत सापडली आहेत. १९५० च्या दशकातले हे सिनेमे म्हणजे रबरी राक्षस आणि दोरीला टांगलेल्या तबकड्या, असं म्हणून लोक ते सोडून देतात. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथे टर्नर क्लासिक मूव्हीज, म्हणजे टीसीएम, नावाचं चॅनेल आहे. १४ एप्रिल १९९४ ला सुरू झालं. सिनेमा चालू असताना मध्ये जाहिरात नाही. भारतात केबलवर सिनेमा बघत वाढलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. पडद्याचा आकार मूळ होता तसाच ठेवतात, कडा कापत नाहीत. सिनेमाआधी निवेदक येऊन दोन-तीन मिनिटं बोलतो, संपल्यावर पुन्हा एखादी गोष्ट सांगतो. सुरुवातीपासून हे काम रॉबर्ट ऑसबॉर्न करायचे. २०१७ मध्ये ते गेले. आता बऱ्याचदा बेन मँकिविझ असतात. त्यांचे आजोबा हर्मन मँकिविझ यांनी ऑर्सन वेल्सबरोबर ‘सिटिझन केन’ची पटकथा लिहिली होती. म्हणजे ग्रोव्हर्स मिलचा धागा इथेही आहेच. २०२३ मध्ये या चॅनेलच्या मालकांनी माणसं कमी केली, तेव्हा स्पीलबर्ग, स्कॉर्सेसी आणि पॉल थॉमस अँडरसन हे तिघं दिग्दर्शक त्याच्या बाजूने उभे राहिले. मला ते फार बरं वाटलं.

आई कराडहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा आम्ही दोघी हे सिनेमे नेमाने बघायला लागलो. आई निवृत्त विज्ञानशिक्षिका. शाळेच्या वाचनालयातल्या नारळीकरांच्या विज्ञानकथा मुलांच्या हातात देणारी. इंग्रजी उच्चार तिला भराभर कळत नाहीत, पण टीव्हीवर खाली अक्षरं लावून दिली की तिचं काही अडत नाही.

पहिला लावला ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’, १९५१ चा, रॉबर्ट वाइज दिग्दर्शक. वॉशिंग्टनमध्ये भर दुपारी तबकडी उतरते. क्लाटू नावाचा, दिसायला अगदी माणसासारखा पाहुणा बाहेर येतो, भेटवस्तू पुढे करतो आणि एक घाबरलेला सैनिक त्याच्यावर गोळी झाडतो. पुढे क्लाटू इस्पितळातून निसटतो आणि मिस्टर कार्पेंटर या नावाने एका खानावळवजा घरात भाड्याची खोली घेतो.

त्या घरातला सकाळच्या नाश्त्याचा प्रसंग मी कितीही वेळा बघू शकते. टेबलाभोवती भाडेकरू बसलेत. रेडिओ सांगतोय, परग्रहावरचा माणूस शहरात मोकळा फिरतोय, सावध राहा. एकजण पेपर वाचतोय. वयस्कर बाई ठामपणे सांगताहेत, की हा अवकाशातून आलेला नाहीच, इथलाच आहे, आणि कुठला ते तुम्हाला ठाऊक आहे. रोख रशियाकडे. ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय, तो त्याच टेबलाशी शांतपणे बसून ऐकतोय. मायकेल रेनीचा चेहरा बघा तिथे. राग नाही, हसू नाही, फक्त कुतूहल. हॉलिवूडच्या प्रेक्षकांना फारसा माहीत नसलेला हा इंग्लिश नट निवडला हे किती योग्य झालं. ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर ‘बाहेरून आलेल्यांचा’ विषय निघतो आणि आपण डबा उघडत असतो, तो क्षण ज्याने अनुभवलाय, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

पुढे क्लाटू घरमालकिणीकडच्या दुसऱ्या भाडेकरू बाईंच्या मुलाबरोबर, बॉबीबरोबर, शहर बघायला जातो. सिनेमाच्या तिकिटाला पैसे नाहीत म्हणून बॉबीकडून दोन डॉलर घेतो आणि बदल्यात दोन हिरे देतो. बॉबीला व्यवहार पटतो. मोठ्यांपैकी एकालाही न जमलेली गोष्ट त्या पोराला जमते. माणूस बघायचा आणि विश्वास टाकायचा.

“अगं, पोराला कळतं ते सरकारला कळत नाही,” आई म्हणाली. मग नारळीकरांची आठवण निघाली. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. बक्षीस मिळालं. नाव बघून नव्हे, कथा बघून. आईने हे वर्गात मुलांना दरवर्षी सांगितलंय.

आमच्या शेजारी एक अमेरिकन आजोबा राहतात. फिलाडेल्फियाजवळ वाढलेले. त्यांना कळलं की आई हे सिनेमे बघते, तेव्हापासून शनिवारी तेही येऊन बसायला लागले. हॉलिवूडचे जुने भयपट १९५७ मध्ये पहिल्यांदा गठ्ठ्याने टीव्ही केंद्रांना विकले गेले, तेव्हा फिलाडेल्फियात झॅकर्ली नावाचा नट भुतासारखा सजून ते सादर करायचा. आजोबा लहानपणी चादरीत तोंड खुपसून ते बघायचे. ती परंपरा अजून जिवंत आहे. शिकागोचा स्वेंगुली शवपेटीतून उठतो, सिनेमाची माहिती देतो आणि शेवटी त्याच्या अंगावर रबरी कोंबड्यांचा वर्षाव होतो. आईला स्वेंगुली मनापासून आवडला. टीसीएमपेक्षा त्याच्याकडे जाहिराती खूप, पण माहिती तो पक्की देतो.

‘देम!’ बघताना आजोबा एकदम गप्प झाले होते. १९५४ चा सिनेमा. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात एक लहान मुलगी मोडकी बाहुली छातीशी धरून चालताना पोलिसांना सापडते. बोलत नाही, नजर शून्यात. डॉक्टर तिच्या नाकाशी फॉर्मिक ॲसिडचा पेला धरतात, म्हणजे मुंग्यांच्या अंगात असतं ते, आणि ती किंचाळून उठते. मोटारीएवढ्या मुंग्या. कारण सांगितलंय ते १९४५ च्या न्यू मेक्सिकोतल्या पहिल्या अणुचाचणीचं. मुंगी एवढी मोठी होऊ शकत नाही, तिचे पायच तिला पेलणार नाहीत, हे आईने लगेच सांगितलं. आकार दहापट केला तर वजन हजारपट होतं आणि पायाची ताकद शंभरपटच वाढते. पण तरी तिला सिनेमा आवडला, कारण त्यात एक तरुण शास्त्रज्ञ बाई आहे. वारुळात उतरायला पुरुष तिला अडवतात, तेव्हा ती त्यांना खडसावून सांगते, की काय बघायचं हे कळणारं माणूस खाली पाहिजे. आणि उतरते.

आजोबा मग शाळेतलं सांगायला लागले. भोंगा वाजला की बाकाखाली शिरायचं, डोकं हातांनी झाकायचं. अणुबाँबपासून वाचण्याचा तो सराव सरकार देशभर मुलांकडून करून घ्यायचं, आणि त्यासाठी एका कार्टून कासवाची फिल्मही दाखवायचं. त्यांनी बाक दाखवायला आमच्या कॉफी टेबलाकडे बोट केलं. “आम्ही सरकारवर विश्वास ठेवला,” ते म्हणाले. “मुंग्यांवर ठेवला असता तर जास्त शहाणे झालो असतो.” मी ते आईला मराठीत सांगितलं. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती.

‘देम!’च्याच वर्षीचा ‘गॉडझिला’ इथल्या लोकांनी अर्धामुर्धा बघितलाय, याचं मला खरोखर दुःख होतं. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची राख जपानच्या ‘लकी ड्रॅगन’ नावाच्या मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. सगळ्यांना किरणोत्साराचा त्रास झाला, आणि बोटीचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला. नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडांचा सिनेमा जपानमध्ये लागला. त्याची सुरुवातच एका बोटीवरच्या लखलखाटाने होते. लोकलमध्ये नोकरदार मंडळी बोलत असतात, त्यातली एक मुलगी सहज म्हणून जाते, नागासाकीतून जीव वाचवला तो याच्यासाठी का. मुंबईच्या लोकलसारखीच रोजची, कंटाळलेली गप्पा मारण्याची तऱ्हा. म्हणून ते वाक्य अंगावर येतं.

अमेरिकेत १९५६ मध्ये जी आवृत्ती आणली, त्यात ते वाक्य नाही. रेमंड बर या नटाला अमेरिकन पत्रकार बनवून मध्ये घुसवलं, बाँबचे बरेचसे उल्लेख गाळले. मूळ जपानी सिनेमा अमेरिकेतल्या थिएटरांत नीट लागायला २००४ उजाडलं. टीसीएमवर तो जपानीत, उपशीर्षकांसह बघता येतो. आजोबांनी तो मूळ स्वरूपात आमच्याकडे पहिल्यांदा बघितला. लोकलचा प्रसंग झाल्यावर त्यांनी मागे घेऊन परत लावायला सांगितला.

‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’बद्दलही सांगायलाच हवं. १९५६, डॉन सीगल. सांता मिरा नावाच्या गावातली माणसं एकेक करून बदलताहेत, परग्रहावरच्या मोठाल्या शेंगांतून त्यांच्या हुबेहूब प्रती निघताहेत. चेहरा तोच, आवाज तोच, आतलं माणूस गेलेलं. डॉक्टर माइल्स बेनेल ओरडून सांगतो आणि कोणी ऐकत नाही. सीगलला सिनेमा हमरस्त्यावर, गाड्यांच्या गर्दीत वेड्यासारखा ओरडणाऱ्या डॉक्टरवर संपवायचा होता. स्टुडिओ घाबरला. पुढे-मागे इस्पितळाचे प्रसंग जोडून घेतले, ज्यात शेवटी कोणीतरी डॉक्टरचं म्हणणं खरं मानतं. लोक सीगलची बाजू घेतात. मी घेत नाही. त्या शेंगांनी भरलेल्या एका ट्रकच्या अपघाताची बातमी येते आणि इतका वेळ त्याला वेडा समजणारा माणूस फोन उचलतो, तो क्षण मला हवा असतो.

‘द ब्लॉब’ (१९५८) कलेच्या दृष्टीने या रांगेत बसत नाही. लाल, चिकट गोळा माणसं गिळत सुटतो, आणि अठ्ठाविशीकडे झुकलेला स्टीव्ह मॅक्वीन कॉलेजात न गेलेल्या पोराचं काम करतो. पण तो आमच्यापासून दीड-दोन तासांवर, पेनसिल्व्हेनियात चित्रित झालाय. फिनिक्सव्हिलच्या कलोनियल थिएटरमध्ये ब्लॉब शिरतो आणि प्रेक्षक किंचाळत बाहेर पळतात. ते थिएटर चालू आहे. दर जुलैत तिथे ब्लॉबफेस्ट भरतो आणि लोक तिकीट काढून, सिनेमातल्यासारखे ओरडत दारातून पळत बाहेर येतात. आई आणि मी दोघी पळालो. तिने पदर खोचला होता. त्या सिनेमातही गावातले मोठे लोक पोरांचं ऐकत नाहीत. शेवटी मुख्याध्यापक स्वतः शाळेची काच फोडतात, कारण थंडीने ब्लॉब गोठतो आणि थंडगार वायू सोडणारी अग्निशामक नळकांडी शाळेत आहेत. आई, शिक्षिका असल्यामुळे असेल, तिथे टाळ्या वाजवते.

उन्हाळ्यात मुलांकडे इकडे येणाऱ्या आई-बाबांना माझं सांगणं आहे. दुपारी घरात एकटं बसून कंटाळा येतो, तर पोरांना विचारा टीसीएम येतं का. आमच्या केबलवाल्यांनी ते खेळांच्या महागड्या पॅकेजमध्ये ढकललंय, म्हणून कित्येकांनी सोडून दिलंय. येत असेल तर ऑक्टोबरमध्ये असे सिनेमे भरपूर लागतात. खाली अक्षरं लावून घ्या. सुरुवात ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ने करा, ‘देम!’ नातवंडांबरोबर बघा, बॉडी स्नॅचर्स रात्री. केबल नसेल तर गावाच्या वाचनालयात डीव्हीडी फुकट मिळतात, फक्त पोरांचं कार्ड लागेल. ‘गॉडझिला’ घेताना पाठीवर बघून घ्या. ९६ मिनिटांचा, जपानी, १९५४ चा असेल तोच आणा.