पाऊस बरोबर, फुलपाखरू चूक

गेल्या जूनमध्ये ताईचा फोन आला. "अगं, तुझं ते शुद्धलेखन तपासणारं 'फुलपाखरू'खाली लाल रेघ मारतंय. 'भाकरी', 'मासा', 'हळद'सुद्धा चूक!" 'पाऊस', 'पोळी' मात्र बरोबर. म्हणजे शब्दसूची 'प'वर तुटली होती.

आदल्या रात्री मूळ यादीपासून ही शब्दसूची बनवणारा माझा प्रोग्राम, म्हणजे कंपायलर, चालू होता. लॅपटॉपचा पंखा घरघरत होता आणि मला व्हिडिओ कॉल घ्यायचा होता, म्हणून चालू प्रोग्राम थांबवणारं कंट्रोल-सी दाबलं. तो थांबेना. सिगिंट, म्हणजे कंट्रोल-सीने प्रोग्रामला जाणारा सिग्नल, आला की मी फक्त एक खूण लावायची सोय केली होती, आणि ती खूण तो सगळे शब्द लिहून झाल्यावरच बघायचा. शेवटी किल -९ने, म्हणजे प्रोग्राम जागीच मारणाऱ्या सिग्नलने, सगळं मारलं; जुन्या झालेल्या फाइलच पुन्हा बनवणारं आणि कंपायलर चालवणारं मेक हे साधनसुद्धा. हा सिग्नल कोणत्याच प्रोग्रामला पकडता येत नाही, त्यामुळे आवराआवर करायलाही कोणी उरलं नाही. एरवी सिगिंट आल्यावर अर्धवट फाइल मेक स्वतःच पुसतं. सकाळी मेकने पाहिलं, की ही अर्धवट फाइल मूळ यादीपेक्षा नवी आहे. म्हणजे करायचं काही उरलेलं नाही. तीच मी ताईला पाठवली.

माणूस थांब म्हणाला की कंपायलरने लगेच थांबायला हवं, नाहीतर माणूस किल -९ वापरणारच. आता माझा कंपायलर दर हजार शब्दांनी खूण बघतो. लिहितो तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये, त्याच फोल्डरात, आणि पूर्ण झाल्यावरच तिचं नाव बदलतो. आवरून झालं की सिगिंटची मूळ वागणूक परत लावून तोच सिग्नल स्वतःला पाठवतो. नुसता एक्झिट केला तर स्क्रिप्टमधल्या आज्ञा चालवणाऱ्या बॅशला वाटतं, प्रोग्रामने कंट्रोल-सी स्वतःच हाताळलं, आणि स्क्रिप्ट पुढे चालू राहते. हे कळायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

थांबून माणसाला प्रश्न विचारण्याच्या बाबतीत मला संगणकशास्त्रज्ञ क्नूथ यांचं टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर फार आवडतं. चूक सापडली की ते थांबतं, प्रश्नचिन्ह दाखवतं. एच दाबलं तर समजावतं, एक्स दाबलं तर बाहेर पडतं. कंट्रोल-सी दाबलं तरी मरत नाही, तसंच विचारतं. आणि समोर कोणी बसलेलं नसेल तर काही न विचारता पुढे जाणारा बॅचमोड आहेच. माझा कंपायलरही आता टर्मिनल, म्हणजे माणूस आज्ञा टाइप करतो ती खिडकी, असेल तरच विचारतो.

रोज रात्री एक चाचणी त्याला पन्नास वेळा, कुठल्याही क्षणी, किल -९ने मारते आणि बघते, की सूची एकतर पूर्ण जुनी आहे किंवा पूर्ण नवी.