चॉक फार्मला उतरायचंय: लंडनमध्ये वाट विचारण्यापुरतं इंग्रजी

लंडनला जायचं ठरलं तेव्हा आईने एकच मागणं केलं: बाबासाहेबांचं घर बघायचं. १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहत होते, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. जवळचं स्टेशन चॉक फार्म, भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवर.

विमानतळावरून पिकॅडिली लाइनने लेस्टर स्क्वेअरला आलो. पाटीवर अक्षरं बघून 'लायसेस्टर' म्हणाल तर समोरच्याला कळायला वेळ लागतो. ग्लॉस्टर रोड आणि ग्रेनिचचंही तसंच, म्हणून नावांचे उच्चार घरीच ऐकून जा.

लेस्टर स्क्वेअरला 'नॉर्थबाउंड', म्हणजे उत्तरेकडे जाणारी, अशी पाटी दिसली आणि आलेल्या पहिल्या गाडीत चढलो. चूक माझीच. ही लाइन कॅम्डन टाउनला फुटते: एक फाटा एजवेअरला, दुसरा हाय बार्नेटला. चॉक फार्म एजवेअरच्या फाट्यावर, आमची गाडी हाय बार्नेटची. केंटिश टाउनला उतरून मागे कॅम्डन टाउनला आलो.

आईने वहीत देवनागरीत लांबलचक, अदबीची वाक्यं लिहून आणली होती. 'कुड यू प्लीज काइंडली' म्हणेपर्यंत दारं बंद होतात. मग तिनेच फलाटावरच्या कर्मचाऱ्याला विचारलं, "एक्सक्यूज मी, डझ धिस ट्रेन स्टॉप ॲट चॉक फार्म?" तो म्हणाला, "नो लव्ह, अदर प्लॅटफॉर्म." 'लव्ह' ऐकून आई दचकली. तिथे अनोळखी बाईला सहज असं म्हणतात, आपल्याकडे 'मावशी' म्हणतात तसं.

हे वाक्य पाठच करा. 'ही गाडी कुठे जाते' विचारलं की शेवटच्या स्टेशनचं नाव कळतं, त्याचा नवख्याला उपयोग नाही. आपलं स्टेशन घेते का, हे विचारायचं.

रस्त्यावर "इज इट फार टु वॉक?" एवढं पुरतं. उत्तर भरभर येतं, म्हणून ऐकलेलं परत म्हणून दाखवा: "सो, सेकंड लेफ्ट?" चुकलं असेल तर लोक थांबून सुधारतात. आम्हाला एकीने कोपऱ्यापर्यंत सोबतही केली. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टेकवायचं. ड्रायव्हरला चढतानाच सांगून ठेवा, "कुड यू टेल मी व्हेन वी गेट देअर?"

घरावर निळी गोल पाटी आहे. आई तिच्यासमोर बराच वेळ हात जोडून उभी होती. मी फोटो काढला नाही.

परतीला 'साउथबाउंड'. याच लाइनच्या मधल्या भागात पुन्हा दोन वाटा आहेत, एक बँकवरून, दुसरी चेरिंग क्रॉसवरून. लेस्टर स्क्वेअर दुसऱ्या वाटेवर आहे. या वेळी गाडीत पाऊल टाकण्याआधी आईने दारातल्या मुलीला विचारलं, "व्हाया चेरिंग क्रॉस?"