तलावातल्या झिंग्यात प्लास्टिक शोधताना

भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातले झिंगे तपासायचे, तर पहिला संशय जाळ्यावरच घ्यावा. जाळं नायलॉनचं असतं आणि त्याचाच तंतू झिंग्याला चिकटून प्रयोगशाळेपर्यंत येतो. म्हणून जाळ्याचा बोटभर तुकडा सोबत आणा. पुढे रंग आणि जाडी ताडून पाहता येते. झिंगे पन्नीत तर आणूच नका. फॉइलमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात, बर्फावर ठेवा.

गाळलेल्या पाण्यानं धुऊन वजन करा आणि डोकं-धड वेगळं करा. झिंग्याचं पोट डोक्यात असतं. पाठीवरची काळी शीर म्हणजे नुसतं आतडं. बारके झिंगे आपल्याकडे डोक्यासकट खातात, त्यामुळे शीर काढून मोजलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही. धानाच्या बांधीतला खेकडा असेल तर पाठ उचलून पोटासोबत कल्लेही घ्या, बारीक कण तिथूनही आत जातात. कवच मऊ असल्यास तशी नोंद करा. कात टाकताना पोटाचं अस्तरही निघून जातं, त्यात अडकलेले तंतूही जातात.

मांस विरघळवायला १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे लिटरभर द्रावणात १०० ग्रॅम. पाण्यात थोडं थोडं घाला, द्रावण तापतं. हातमोजे, चष्मा हवाच. मांसाच्या किमान तिप्पट द्रावण काचेच्या बाटलीत घ्या, तोंडावर फॉइल लावा आणि ४० अंश सेल्सिअसला ४८ तास ठेवा. घाई करून ६० अंशांवर नेलं तर पॉलिस्टरच झिजायला लागतं. आम्लानं काम लवकर होतं खरं, पण नायट्रिक आम्ल नायलॉन खातं, म्हणजे जे शोधायचं तेच गायब! मग काचतंतूच्या गाळणकागदातून गाळा. मिठाच्या पाण्यावर कण तरंगवायची पद्धत इथे टाळलेली बरी. संपृक्त मीठपाण्याची घनता १.२ आणि पॉलिस्टरची १.३८ च्या आसपास, ते तळालाच बसतं.

खरी फसगत यापुढे. हे द्रावण कायटिन, म्हणजे कवचाचा कडक पदार्थ, विरघळवत नाही, आणि त्याचे पारदर्शक तुकडे हुबेहूब प्लास्टिक दिसतात. त्यात विदर्भातला वेचणीचा हंगाम असला तर हवेतच कापूस. कापसाचा तंतू चपटा, पीळ पडलेला. नायलॉन-पॉलिस्टरचा सगळीकडे सारख्या जाडीचा. शंका आली की लाल तापवलेली सुई जवळ न्या: प्लास्टिक वितळतं किंवा वळतं, कापूस आणि कवच करपतात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक कणावर मात्र सुईचा भरवसा नको, तो इन्फ्रारेड तपासणीला पाठवा.

प्रत्येक खेपेला एक कोरी बाटली, म्हणजे झिंग्याविना, पण तेच द्रावण, तेच गाळण. शिवाय हवेतले तंतू पकडायला टेबलावर एक ओला गाळणकागद उघडा ठेवा. कोऱ्या बाटलीतही तंतू निघतातच, तेव्हा अंगावर सुती कपडे आणि पंखा बंद. निकाल लिहिताना कोऱ्या बाटलीचा आकडा लपवू नका; आकडे दर झिंग्यामागे आणि दर ग्रॅममागे, दोन्ही द्या, डोक्याचे वेगळे.